गावी गेलो की खोकला जातो

हे वाक्य त्यांनी मला तीनदा सांगितलं होतं. चाळिशीचे गृहस्थ, केसपेपरवर ‘सुतारकाम’ असं लिहिलेलं. गावची हवा चांगली असते, असं म्हणून मी तिन्ही वेळा खोकल्याचं औषध लिहून दिलं. चूक माझीच.

चौथ्या वेळी विचारलं, नक्की काय काम करता? सीएनसी राउटरवर किचनच्या कपाटांची दारं कोरतो, म्हणाले. मधला भाग उठावदार असलेली, एमडीएफची. मशीन कॉम्प्युटरवर चालतं, आपण नुसतं उभं राहायचं. मग धूळ कुठली, असं तुम्हालाही वाटेल. मलाही वाटलं, म्हणून जाऊन पाहिलं.

आधी जाड बिट खोलगट भाग काढतं. तो भुगा खाली पडतो. मग बारीक गोल टोकाचं बिट उताराचा भाग गुळगुळीत करत शेकडो वेळा फिरतं. ती धूळ मैद्यासारखी, हवेत तरंगत राहणारी. आणि शेवटी दार साफ करायला कॉम्प्रेसरची हवा मारतात! सगळी धूळ पुन्हा नाकासमोर. तोंडाला रुमाल, तो अशा धुळीला अडवत नाही.

एमडीएफमध्ये लाकडाचे तंतू बहुधा फॉर्माल्डिहाइड असलेल्या डिंकाने चिकटवलेले असतात. या धुळीने कामामुळे होणारा दमा होऊ शकतो. त्रास कधी कधी कामावर नव्हे, रात्री घरी सुरू होतो, म्हणून कामाशी संबंध लक्षात येत नाही. लाकडाच्या धुळीला आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने १९९५ मध्येच कर्करोगकारक ठरवलं आहे, मुख्यतः नाक आणि सायनसच्या कर्करोगासाठी.

त्यांना पीक फ्लो मीटर दिलं. त्यात जोरात फुंकायचं, आकडा वहीत लिहायचा, दिवसातून चार वेळा, सुट्टीच्या दिवशीसुद्धा. तीन आठवड्यांची वही बोलकी होती: रविवारी आकडा वर, बुधवारपर्यंत खाली.

मालकांनी बिटजवळ धूळ ओढणारा पाइप बसवला. हवा मारणं बंद, व्हॅक्यूम सुरू. हे आधी, एन-९५ मास्क त्यानंतर, कारण तो धूळ अडवतो, फॉर्माल्डिहाइडचा वायू नाही. खोकला निम्म्यावर आलाय. इनहेलर चालू आहे. पुरेसा फरक पडला नाही तर मशीन सोडून फिटिंगच्या कामाला जायचं, असं आमचं ठरलंय.

तुमचा खोकला सुट्टीत कमी होत असेल, तर डॉक्टरांनी विचारायची वाट पाहू नका. आपण काय काम करतो ते नीट सांगा, आणि मी केलं तसं कुणी हसण्यावारी नेलं तर पुन्हा सांगा.