मरण द्यावे की येऊ द्यावे?

काही वर्षांपूर्वीच्या उपवासकाळातील एका शुक्रवारची गोष्ट. क्रुसाच्या वाटेची भक्ती आटोपून आम्ही परतलो, तोच धर्मग्रामातील दोघे भाऊ दाराशी उभे दिसले. त्यांचे वडील अठरा दिवस इस्पितळाच्या अतिदक्षता विभागात व्हेंटिलेटरवर होते. वय ऐंशीच्या पुढे, कर्करोग दोन्ही फुप्फुसांत पसरलेला. सुधारणेची आशा नाही, हे डॉक्टरांनी स्पष्ट सांगितले होते. थोरल्याने खाली मान घालून विचारले, ‘‘फादर, यंत्र काढायला सांगितलं, तर आमच्या हातून बापाची हत्या होईल का?’’

आम्ही सेमिनरीत नीतिशास्त्र शिकलो होतो. उत्तर आम्हांला ठाऊक होते. तरीही उद्या कुणी आमच्याकडे बोट दाखवील, या भीतीने आम्ही म्हणालो, ‘‘सारे देवाच्या हाती सोपवा. आपण प्रार्थना करू.’’ वाक्य पवित्र होते. पण ते उत्तर नव्हते. भावांनी वाडीचा एक तुकडा गहाण ठेवला. पुढे बावीस दिवसांनी वडील गेले. यंत्रांच्या गराड्यात, भेटीच्या वेळेबाहेर, एकटे. दफनविधीनंतर त्यांची पत्नी एवढेच म्हणाली, ‘‘एकदा हात धरायचा होता, फादर.’’ ते शब्द आजही आमची झोप मोडतात.

त्या भावांना आम्ही काय सांगायला हवे होते? ख्रिस्तसभेची शिकवण या बाबतीत संदिग्ध नाही. पोप बारावे पायस यांनी १९५७ सालीच भूलतज्ज्ञांपुढे बोलताना हा प्रश्न हाताळला होता. जीव राखण्यासाठी साधे, योग्य उपाय करणे हे कर्तव्य आहे; परंतु निष्फळ आणि असह्य भार ठरणारे असाधारण उपाय करीतच राहावे, असे बंधन नाही. असे उपाय थांबवणे म्हणजे मारणे नव्हे, तर येणारे मरण स्वीकारणे होय. पोप दुसरे जॉन पॉल यांनी दयामरणाचा आयुष्यभर निषेध केला. २००५ साली आपला अंतकाळ जवळ आला, तेव्हा मात्र ते पुन्हा इस्पितळात गेले नाहीत, आपल्या खोलीतच त्यांनी देह ठेवला.

मात्र यंत्र तेच असले, तरी प्रसंग वेगळा असू शकतो. न्यूमोनिया झालेल्या तरुणाला व्हेंटिलेटर लावणे हे कर्तव्यच. आणि बरा होऊ शकणारा रुग्ण केवळ पैशांअभावी सोडून देणे हा अन्याय.

दुसरी मर्यादा परळच्या के. ई. एम. रुग्णालयाने दाखवून दिली. तेथील परिचारिका अरुणा शानबाग १९७३ सालच्या हल्ल्यानंतर सुमारे बेचाळीस वर्षे अंथरुणाला खिळून होत्या. त्यांचे अन्न थांबवण्याची मागणी सर्वोच्च न्यायालयाने २०११ साली फेटाळली. त्यांची शुश्रूषा करणाऱ्या परिचारिकांचाही त्या मागणीस विरोध होता. अरुणाताईंचा श्वास तेव्हा आपला आपण चालत होता. त्यांना हवे होते ते अन्न, पाणी आणि माणसाचा हात. हा उपचार नव्हे, ही सेवा होय. उपचार थांबू शकतात, सेवा थांबू शकत नाही.

सर्वोच्च न्यायालयाने ९ मार्च २०१८ रोजी वैद्यकीय इच्छापत्रास मान्यता दिली आणि २०२३ साली त्याची पद्धत सोपी केली. आता दोन साक्षीदारांसमोर सही करून ते नोटरीकडून वा राजपत्रित अधिकाऱ्याकडून साक्षांकित करून घेता येते. प्रत्यक्ष उपचार थांबवण्यापूर्वी दोन वैद्यकीय मंडळांचा विचार घेतला जातो. श्रद्धावंताने असे पत्र अवश्य करावे. त्यात वेदनाशमन, धर्मगुरूची भेट व पवित्र तेलाचा अभ्यंग मागावा, अन्नपाणी तोडण्याची मागणी मात्र करू नये.

प्रिय कुटुंबीयांनो, रोझरी झाल्यावर एखाद्या संध्याकाळी आईवडिलांजवळ बसा आणि त्यांना काय हवे ते विचारा. अतिदक्षता विभागाच्या दाराशी हा प्रश्न फार जड होतो. आणि आम्हां धर्मगुरूंकडे आलात, तर आमच्याकडून प्रार्थनेबरोबर उत्तरही मागून घ्या. ते देण्याचे धैर्य आम्हांला लाभो, हीच आमची रोजची याचना आहे.