रुपयातले दीड पैसे

आसनगावला लोकलमधून उतरायचं, ट्रायपॉड खांद्यावर टाकायचा, जीप पकडून डेहणे गाठायचं. मुंबई-ठाण्याच्या आकाशवेड्यांची ही जुनी वाट. काहीजण मुरबाड ओलांडून माळशेजच्या पायथ्याकडे सरकतात. कल्याण-भिवंडीच्या दिव्यांचा पिवळट पट्टा जेवढा खाली बसेल तेवढा बरा!

त्यांतला एखादा मात्र शनीची कडी सोडून अख्खी रात्र एकाच ताऱ्याला देतो आणि त्याचे फोटो मुद्दाम बिघडवतो.

महाश्व तारकासमूहातला एचडी 209458 हा असा तारा. प्रत 7.6, म्हणजे नुसत्या डोळ्यांच्या जरा पलीकडचा. 1999 च्या सप्टेंबरात डेव्हिड शार्बोनो आणि सहकाऱ्यांनी जेमतेम 10 सेंटिमीटरच्या दुर्बिणीतून त्याच्यासमोरून ग्रह सरकताना टिपला. अशा रीतीने सापडलेलं हे परग्रहाचं पहिलं अधिक्रमण. ग्रह गुरूहून मोठा, फेरी साडेतीन दिवसांची. तो आड आला की सुमारे तीन तास ताऱ्याचा उजेड दीडेक टक्क्याने घटतो. रुपयातले दीड पैसे.

एवढीशी तूट पकडायची तर फोकस किंचित ढळवावा लागतो. ठिपक्याची चकती झाली की उजेड कॅमेऱ्याच्या पुष्कळ पिक्सेलांवर पसरतो, एखाद्याच्या खोडीने हिशेब चुकत नाही. शिवाय चौकटीत शेजारचा एखादा तारा हवाच. विरळ ढग आला तर दोघेही मंदावतात. ग्रह आला तर एकटा हाच.

भातकापणीच्या दिवसांत बांधावर दव असं पडतं की दर अर्ध्या तासाने भिंग तपासावं लागतं. तेवढ्यात राखणीला निघालेला कुणी शेतकरी बॅटरी रोखून विचारतो, "दिसला का?" आधी बॅटरी खाली करा, हे त्याला सांगायचं कसं?

मोठ्या संस्थांचंही काम याच जातीचं. 2021 मध्ये जाहीर झालेला टीओआय-1789 बी हा ग्रह पाहा. प्रकाशातली तूट अंतराळातल्या ‘टेस’ दुर्बिणीने दाखवली, पण ती ग्रहाचीच का, हे अभिजित चक्रवर्ती यांच्या गटाने अबूच्या गुरुशिखरावरून ‘पारस’ वर्णपटमापकाने ताऱ्याची डुगडुग मोजून ठरवलं. तिथल्याच 43 सेंटिमीटरच्या दुर्बिणीतून ती तूटही पुन्हा तपासली गेली.

डेहणे गाठणाऱ्यांच्या पदरी एक भाग्य आहे. गावाचा अक्षांश साडेएकोणीस अंशांच्या आसपास, महाश्वातल्या त्या ताऱ्याची क्रांती, म्हणजे आकाशातला अक्षांश, 19 अंश. म्हणजे तारा थेट डोक्यावरून जातो, हवेच्या सर्वांत पातळ थरातून. फक्त माथ्यावर आला की बऱ्याच दुर्बिणी पलटवाव्या लागतात, चकती कॅमेऱ्याच्या दुसऱ्याच कोपऱ्यात पडते आणि आलेखाला तिथेच पायरी पडते. मग पहाटे लॅपटॉपपुढे बसून शोधायचं: यातली ग्रहाची कुठली आणि आपल्या हाताची कुठली.