२,६४३ रुपयांचा हिशेब

परत केलेल्या वस्तूचे पूर्ण पैसे, म्हणजे खोक्यावर छापलेल्या किमतीइतके, हातात पडलेच पाहिजेत, असं मी वर्षानुवर्षं ठासून सांगत आले. घरात, ऑफिसात, लोकलमध्ये शेजारी बसलेल्या बायकांनाही. दुकानाने पॉइंट कापले किंवा गिफ्ट कार्डाचे पैसे रोख द्यायला नकार दिला, की ती सरळ लूट. यावर माझं दुसरं मत नव्हतं. आता ते मत माझं राहिलेलं नाही. म्हणजे अर्धं बदललंय. जे अर्धं बदललं नाही, ते मात्र पूर्वीपेक्षा पक्कं झालंय. दोन्ही मोकळेपणाने सांगावं असं वाटलं.

मी द्रोणागिरीत राहते आणि इथल्याच एका क्लिअरिंग एजंटच्या ऑफिसात कागदपत्रं बघते. जेएनपीटीला खेटून असलेला हा सिडकोचा नोड. सीएफएस म्हणजे कंटेनरची गोदामं, कंटेनरचे थर, ट्रेलरच्या रांगा हे आमचं रोजचं दृश्य. १२ जानेवारी २०२४ ला लोकल उरणपर्यंत धावू लागली आणि द्रोणागिरीला स्टेशन मिळालं, तशी मोठी खरेदी नेरूळ-सीवूड्सकडे सरकली. उरणच्या बाजारात दुकानदार ओळखीचा. वस्तू पटली नाही तर तो बदलून देतो, नाहीतर वहीत पैसे जमा धरतो. मोठ्या दुकानांबरोबर मेंबरशिप, पॉइंट, गिफ्ट कार्ड हे सगळं घरात आलं, आणि परतीचा हिशेब गुंतागुंतीचा झाला.

मार्चच्या शेवटी मी एक मिक्सर घेतला. किंमत करासकट ५,९००. साठलेले ५९० पॉइंट वापरले, दिवाळीला ऑफिसने दिलेल्या गिफ्ट कार्डातले २,००० लावले, उरलेले ३,३१० यूपीआयने दिले. घरी आणल्यावर लक्षात आलं, ओट्यावरच्या कोपऱ्यात तो बसतच नाही. सील न तोडता एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात परत नेला. दुकानाच्या मुदतीत होता, त्यांनी खळखळ न करता घेतला. मोबाइलवर मेसेज आला: ३,२५७ रुपये जमा. मी काउंटरवरच्या मुलीला विचारलं, ‘‘माझे २,६४३ रुपये कुठे गेले?’’

तिने बिल उलटं केलं आणि पेनने मागे लिहायला लागली. ‘‘काकू, दोन हजार तुमच्या कार्डावर परत गेलेत, बघा. पाचशे नव्वद पॉइंट होते, ते पॉइंटमध्येच जातात. आणि या मिक्सरवर तुम्हाला त्रेपन्न पॉइंट मिळालेले, ते तुम्ही परवा तांदळाला वापरलेत. ते त्रेपन्न रुपये कापलेत.’’ तिच्या मागे रांग वाढत होती, तरी तिने बेरीज पूर्ण करून कागद माझ्याकडे सरकवला. दोन हजार, पाचशे नव्वद, त्रेपन्न. बेरीज बरोबर होती. मी तरीही चिडूनच बाहेर पडले.

मत बदललं ते दुसऱ्या दिवशी, ऑफिसात, समोर ड्रॉबॅकची फाइल असताना. परदेशातून आलेला माल काही कारणाने परत पाठवला, तर कस्टम्स कायदा १९६२ च्या कलम ७४ खाली भरलेली ड्युटी परत मिळते. माल न वापरता, तोच असल्याचं पटवून, दोन वर्षांच्या आत गेला तर ९८ टक्के. वापरला असेल तर जितके महिने इथे राहिला तितकी कमी. ही कागदपत्रं करताना मी कधी म्हटलं नाही की सरकार लुटतंय. पार्टीला मीच समजावते: साहेब, भरलं त्यावरच परतावा, किमतीवर नाही. मग दुकानात मी नेमकं काय मागत होते? न भरलेले पैसे.

तिथून कराकडे वळले, आणि खरा उलगडा तिथे झाला. मिक्सरवर १८ टक्के जीएसटी. ५,९०० मध्ये मूळ किंमत ५,००० आणि कर ९००. पण माझे ५९० पॉइंट बिलातच सूट म्हणून दाखवले होते, आणि बिलावर नोंदलेली सूट करपात्र किमतीतून वजा होते. म्हणून माझ्या बिलावर मूळ किंमत ४,५०० होती आणि कर ८१०. सरकारकडे माझ्या नावाने ९०० गेलेच नव्हते. दुकान परतीची क्रेडिट नोट काढतं ती ८१० चीच; नव्वद रुपये जास्त द्यायचे तर ते स्वतःच्या खिशातून. गिफ्ट कार्डाचं उलट आहे. ती सूट नव्हे, पैसे देण्याचा एक मार्ग. त्याने कर एक पैसाही कमी होत नाही. बिलाच्या तळाशी दोन्ही ओळी एकाखाली एक छापतात, म्हणून आपल्याला सारख्या वाटतात.

कपड्यांत हा फरक जास्त दिसतो. २२ सप्टेंबर २०२५ पासून नग अडीच हजारांपर्यंत असेल तर ५ टक्के, त्यावर १८. २,७०० मूळ किमतीचा कुर्ता करासकट ३,१८६ ला पडतो. बिलातच दहा टक्के सूट मिळाली तर किंमत २,४३० होते, कर ५ टक्क्यांवर येतो आणि आपण देतो २,५५१ रुपये ५० पैसे. तो कुर्ता परत करून ३,१८६ मागणं म्हणजे सरकारने न घेतलेला कर दुकानदाराकडून वसूल करणं. त्याच तारखेला मोठ्या टीव्हींचा आणि एसीचा कर २८ वरून १८ वर आला. आधी घेतलेला असा टीव्ही नंतर परत गेला तर घेणाऱ्याला २८ टक्क्यांचाच कर परत मिळायला हवा, कारण तोच भरलाय. हा नियम आपल्या बाजूने लागतो तेव्हा आपण बिनतक्रार मानतो. मग विरुद्ध लागतो तेव्हाही मानायला हवा, असं मला आता मनापासून वाटतं.

आणखी एक गोष्ट मी कधी विचारात घेतली नव्हती. क्रेडिट नोटवरचा कर दुकानदाराला वजा करून मिळतो, तो आर्थिक वर्ष संपल्यानंतरच्या ३० नोव्हेंबरपर्यंत, किंवा वार्षिक विवरणपत्र त्याआधी भरलं तर तोवरच. पुढे तो कर त्याच्या गळ्यात. मोठ्या साखळीला त्याची झळ लागत नसेल, उरणच्या एखाद्या इलेक्ट्रिकवाल्याला नक्की लागते.

आता जे बदललं नाही ते.

माझा मिक्सर चांगला होता, नकोसा झाला म्हणून परत दिला. अशा वेळी दुकानाच्या अटी मानणं मला रास्त वाटतं. पण वस्तू सदोष निघाली तर गोष्ट वेगळी. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ स्पष्ट आहे: सदोष माल परत घेऊन पैसे द्यायला, बिलावर लिहिलेल्या मुदतीत, आणि मुदत लिहिली नसेल तर तीस दिवसांत, नकार देणं ही अनुचित व्यापारी प्रथा आहे. तिथे ‘पैसे नाही, आमचं व्हाउचर घ्या’ हे उत्तर मी ऐकून घेणार नाही, तुम्हीही घेऊ नका.

आणि मुदतीचं काय? माझे ५९० पॉइंट परत आले ते जुन्याच मुदतीसह. ती ३१ मार्चला संपली होती. म्हणजे खात्यात आले आणि त्याच क्षणी बाद झाले. रिझर्व्ह बँकेच्या नियमाखालच्या गिफ्ट कार्डांना निदान वर्षाची मुदत द्यावी लागते. पण दुकानाचं स्वतःचं, फक्त त्याच दुकानात चालणारं कार्ड त्या नियमाच्या चौकटीबाहेर आहे, आणि पॉइंट तर पूर्णपणे दुकानाच्या मर्जीवर. ज्या रूपात दिलं त्याच रूपात परत, हे तत्त्व मी मान्य केलं. मग मी वापरता येण्याजोगे पॉइंट दिले होते, वापरता येण्याजोगेच परत मिळायला हवेत. माझ्याकडून त्रेपन्न रुपये चोख वसूल करणाऱ्या यंत्रणेला हा हिशेब जमत नाही, हे मला पटत नाही.

त्या मुलीने लिहिलेला कागद जोडून मी दुकानाकडे लेखी तक्रार केली आहे. उत्तर आलं नाही तर ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ वर फोन करीन, आणि तरीही नाही तर अलिबागला जिल्हा ग्राहक आयोग आहेच. पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला तिथे फी लागत नाही. तक्रारीत मी ५,९०० रुपये मागितलेले नाहीत. ५९० पॉइंट आणि ते वापरायला नवी मुदत, एवढंच मागितलंय.