दाब, धर, सोड

जुनी गाडी सांभाळणे हा पैसेवाल्यांचा शौक, असा आपल्या समाजात एक समज आहे. दारात दोन गाड्या असणाऱ्याने तिसरी जुनी घ्यावी आणि रविवारी फडके घेऊन ती पुसत बसावे. आम्ही दोघे भाऊ त्यातले नव्हेत. आमच्यातल्या थोरल्याने बर्मिंगहॅमच्या बस डेपोत आयुष्य काढले, धाकट्याने फाउंड्रीत. तरीही 1989 पासून आमच्याकडे 1969 सालची एक एम.जी.बी. जी.टी. आहे. ती आम्ही निम्म्या-निम्म्या पैशांत घेतली आणि तिचे बहुतेक काम स्वतःच्या हातांनी केले. या गाडीने आम्हाला काय शिकवले ते लिहून ठेवावे, असे अलीकडे वाटू लागले आहे. हात थकत चालले, की माणसाला लिहावेसे वाटते.

ज्यांनी ही गाडी पाहिलेली नाही त्यांच्यासाठी थोडे सांगतो. दोन दारांची, बुटकी, लांब बॉनेटची गाडी. छप्पर मागे उतरत जाते आणि डिकीचा दरवाजा काचेसकट वर उघडतो. मागची सीट नावाला आहे. तिच्यावर लहान मूल बसेल, नाहीतर भाजीची पिशवी. ऑक्सफर्डजवळच्या अ‍ॅबिंग्डन गावी एम.जी.बी. बनू लागली ती 1962 साली, उघड्या टपाची. छपराची जी.टी. 1965 साली आली. तिच्या छपराची रेघ इटलीच्या पिनिनफारिनाच्या मदतीने ठरली. 1980 साली अ‍ॅबिंग्डनचा कारखाना बंद झाला. तोवर सव्वा लाखाच्या आसपास जी.टी. रस्त्यावर आल्या होत्या. म्हणजे ही काही राजेमहाराजांची दुर्मिळ गाडी नव्हे. मास्तर, नर्स, तरुण कारकून अशी माणसे ती हप्त्याने घेत.

पण आम्ही ती घेतली ती दिसण्यासाठी नाही. बाजारात उभ्या असलेल्या त्या गाडीचे बॉनेट उघडले आणि आम्ही एकमेकांच्या तोंडाकडे पाहिले. आत अब्बांचे इंजिन होते.

खेड तालुक्यातल्या आमच्या गावात अब्बांची अ‍ॅम्बेसिडर टॅक्सी होती. आखातात निघालेल्या पोरांना मुंबईच्या विमानतळावर पोहोचवायचे आणि सुटीवर येणाऱ्यांना पेट्यांसकट घरी आणायचे, हा त्यांचा मुख्य धंदा. कशेडीच्या घाटात रेडिएटर उकळला की उतारूंना झाडाखाली बसवून अब्बा बॉनेट उघडत आणि आम्ही पोरे पाण्याचा डबा घेऊन उभे राहत असू. ती अ‍ॅम्बेसिडर मूळची विलायतेची मॉरिस ऑक्सफर्ड. तिचे 1489 सी.सी.चे इंजिन आणि एम.जी.बी.चे 1798 सी.सी.चे इंजिन ही एकाच घराण्यातली, बी-सिरीजची. एक टॅक्सीला जुंपलेले, दुसरे शर्यतीच्या हौसेने ताकद वाढवलेले. सिलिंडर तसेच चार, व्हॉल्व्ह तसेच आठ.

अब्बा मराठी चौथीपर्यंत शिकलेले. टॅपेट सेट करताना ते आम्हाला नऊची बेरीज विचारत. आठ नंबरचा व्हॉल्व्ह पूर्ण उघडा असला की एक नंबरचा सेट करायचा. सहा उघडा असेल तर तीन. पाच उघडा असेल तर? "चार," असे आम्ही ओरडायचो. ज्याच्यावर पाना लावायचा तो व्हॉल्व्ह पूर्ण मिटलेला आहे, याची ती खूण. शाळेत नाव घालण्याआधी आम्हाला बेरीज आली ती अशी. पुढे बर्मिंगहॅमच्या थंडीत फिलर गेजने 15 थाउचे अंतर मोजताना तीच बेरीज तोंडात असे. 1991 साली अब्बा आमच्याकडे तीन महिने राहून गेले. गाडीच्या दिखाऊपणाचे त्यांना कौतुक नव्हते. इंजिन चालू केल्यावर मात्र ते डोळे मिटून ऐकत उभे राहिले आणि म्हणाले, "हा तर आपल्या अ‍ॅम्बेसिडरचा चुलतभाऊ. खाऊन-पिऊन माजलेला." 1994 साली ते अल्लाला प्यारे झाले.

आमच्यात कामाची वाटणी पहिल्यापासून ठरलेली. थोरल्याची नजर चांगली, धाकट्याचा कान. पॉइंट, प्लग, वायरिंग हे थोरल्याकडे. कार्बोरेटर धाकट्याकडे. दोन एस.यू. कार्बोरेटर शेजारी-शेजारी बसवलेले असतात. दोन्ही सारखी हवा ओढतात की नाही हे बघायला महागडे यंत्र लागत नाही. रबरी नळीचे एक टोक कार्बोरेटरच्या तोंडाशी धरायचे, दुसरे कानाला लावायचे. दोन्हीकडचा फुसफुस आवाज एकसारखा आला की झाले. मग खालची छोटी पिन बोटाने उचलायची. इंजिनाचा वेग वाढून वाढलेलाच राहिला तर पेट्रोल जास्त जाते आहे. इंजिन बंद पडू लागले तर कमी. क्षणभर किंचित वाढून पुन्हा जागेवर आले, तर बरोबर. एवढे ऐकू आले, की अर्धे काम झाले.

बाकीचे अर्धे काम म्हणजे वेळेवर लक्ष देणे. पुढच्या चाकांच्या खिळ्यांना दर 3,000 मैलांनी ग्रीस द्यावे लागते. प्रत्येक बाजूला तीन-तीन निपल. हे काम पाच मिनिटांचे, पण ते टाळले तर खिळा झिजतो आणि तो बदलायला दोन दिवस जातात. कार्बोरेटरच्या घुमटासारख्या डोक्यात थोडेसे तेल लागते. सहा-सहा व्होल्टच्या दोन बॅटऱ्या पुढच्या सीटांच्या मागे फरशीखाली दडवलेल्या आहेत. दिसत नाहीत म्हणून त्यांच्याकडे कोणी बघत नाही. या गाडीत जे बिघडते ते बहुधा न दिसणाऱ्या जागी बिघडते.

माणसांचेही असेच असते. अम्मा 2007 साली गेली. त्यानंतर घरामागच्या आठ गुंठे आंब्याच्या जागेवरून आमच्यात बिनसले. कोण काय म्हणाले ते इथे सांगण्यात हशील नाही. कोकणातल्या ज्या-ज्या घरातले भाऊ परदेशात आहेत, त्या घरांना ते सांगावे लागणार नाही. गाडीच्या कागदावर थोरल्याचे नाव होते, सात-बारावर धाकट्याचे. 2009 च्या ईदला आम्ही एकमेकांच्या घरी गेलो नाही. पुढे ती सवयच झाली. दोघांची घरे दोन मैलांवर, मशीद एकच, सफा वेगळ्या. गाडी थोरल्याच्या घराजवळच्या भाड्याच्या गॅरेजमध्ये ताडपत्रीखाली उभी होती. त्या नऊ वर्षांत 'आम्ही' हा शब्द वापरायला जागाच नव्हती.

2018 साली त्या गॅरेजांची रांगच पाडायची ठरली. थोरल्याने मुलाकरवी निरोप पाठवला: गाडी ठेवायची की विकायची ते कळव. धाकट्याने उत्तर पाठवले नाही. तो आपल्याकडची दुसरी किल्ली घेऊन शनिवारी सकाळी तिथे हजर झाला.

ताडपत्री काढली तेव्हा रंग बरा दिसला. खाली वाकून पेचकस टोचला तर तो मुठीपर्यंत आत गेला. दाराखाली, पुढच्या चाकापासून मागच्या चाकापर्यंत जी लांब पेटी असते तिला सिल म्हणतात. तिच्यात पत्र्याचे तीन थर असतात: बाहेरचा, आतला आणि मधला पडदा. एम.जी.बी.ला वेगळी चौकट नाही. गाडीचा सगळा भार या पत्र्यांवरच असतो. इंग्लंडात हिवाळ्यात रस्त्यावर मीठ टाकतात. मिठाचा चिखल चाकामागे साठतो, पाणी निघून जायची भोके बुजतात आणि पेटी आतून सडू लागते. आमच्या आधीच्या एका मालकाने सडलेल्या सिलवर नवा पत्रा चढवून, रंग देऊन ते झाकून टाकले होते. वरून चकाकी, आत भुसा.

एका वर्कशॉपवाल्याने आम्हाला पुन्हा तोच उपाय सांगितला: वरून आणखी एक पत्रा मारू, पाच वर्षे निभेल. स्वस्तात झाले असते. पण निवृत्त झालेला एक म्हातारा वेल्डर भेटला. तो म्हणाला, गंजावर वेल्डिंग धरत नाही; चांगले लोखंड लागेपर्यंत कापत जावे लागेल. आम्ही त्याचे ऐकले. कापण्याआधी दाराच्या चौकटीत लोखंडी आडवी पट्टी जोडावी लागते, नाहीतर आधार निघाल्यावर गाडी वाकते आणि मग दार कधीच नीट बसत नाही. एका वेळी एकच बाजू करायची. एक पुरी झाल्याशिवाय दुसरीला हात लावायचा नाही. 2018 चा सगळा हिवाळा त्यात गेला. आम्ही दोघे सामान धरायला, घासायला, झाडायला तिथे असायचो. त्या वेल्डरशी दोघेही बोलायचो. एकमेकांशी नाही.

मग ब्रेकचे काम निघाले. ब्रेक ऑइल हवेतले पाणी शोषते, म्हणून दर दोन-तीन वर्षांनी ते बदलायचे असते; आमचे तर नऊ वर्षांचे काळे पाणी झाले होते. नळ्या बदलल्या, सिलिंडरचे रबर बदलले आणि आता आतली हवा काढायची होती. आम्ही शिकलो त्या रीतीने हे काम एकट्याने होत नाही. एकाने आत बसून पेडल दाबायचे, दुसऱ्याने चाकापाशी आडवे पडून निपल ढिले करायचे. थोरल्याच्या गुडघ्याला शंभर वेळा पेडल दाबणे झेपण्यासारखे नव्हते. तो खाली गेला, धाकटा आत बसला. सुरुवात सर्वांत लांबच्या चाकापासून करायची, म्हणजे मागच्या डाव्या.

खालून आवाज आला, "दाब."

थोड्या वेळाने, "धर."

नळीतून बरणीत बुडबुडे गेले. निपल आवळले. "सोड."

पेडल नेमके धरले आहे की नाही हे खालच्याला दिसत नाही. म्हणून वरच्याने बोलावेच लागते. तिसऱ्या-चौथ्या खेपेला आतून उत्तर आले, "धरलंय, भाई."

चार चाके व्हायला दीड तास लागला. त्या दीड तासात याहून वेगळा शब्द नाही. पण बुडबुडे थांबले आणि पेडल पायाखाली घट्ट लागले. त्या दिवशी धाकट्याच्या घरी जेवायला वाढले ते दोघांना.

यावरून सगळे सुरळीत झाले असे कोणी समजू नये. जागेचा विषय आम्ही 2022 साली खेडला एकत्र जाऊन काढला. तिथे कळले की चुलतभावांच्या सह्या लागतील आणि त्यातले दोघे कुवेतला आहेत. अर्ज दिला आहे, काम चालू आहे. त्या वेल्डरच्या म्हणण्याप्रमाणे, चांगले लोखंड लागेपर्यंत कापत जायचे.

गाडीचेही रोज नवे काही असते. शिसे असलेले पेट्रोल इथे 2000 सालापासून बंद झाले, तेव्हा हेड उतरवून एक्झॉस्ट व्हॉल्व्हच्या बैठकी कडक धातूच्या बसवाव्या लागल्या. 2021 पासून साध्या पेट्रोलमध्ये दहा टक्क्यांपर्यंत इथेनॉल येते; ते जुने रबर खाते, म्हणून इंधनाच्या नळ्या बदलल्या आणि आता महागाचे, कमी इथेनॉलचे पेट्रोल भरतो. चाळीस वर्षांवरच्या गाड्यांना 2018 पासून वार्षिक तपासणीची सक्ती नाही. आम्ही तरी ती करून घेतो, कारण तपासणारा परका माणूस असतो आणि परक्याच्या नजरेला दिसते ते घरच्याला दिसत नाही. सुट्या भागांची ददात नाही. 1988 पासून तर मूळच्याच साच्यांवर बनवलेली अख्खी नवी बॉडीसुद्धा विकत मिळते. मात्र नवीन सगळेच चांगले असे नाही. एका दुकानातून घेतलेली रबरी बूच वर्षात चिरली, तर तिथली पन्नास वर्षांची जुनी अजून शाबूत होती. म्हणून जुना भाग आम्ही लगेच फेकत नाही.

थोरल्याचा मुलगा म्हणतो, इंजिन काढून विजेची मोटर बसवा. इथे असे करून देणारे आहेत. धूर नाही, तेल नाही, खाली लोळणे नाही. त्याचे म्हणणे खोटे नाही, आणि उद्या गाडी त्याच्याकडे गेली तर तो काय करील हे ठरवणारे आम्ही कोण? पण आमच्या हयातीत ते इंजिन राहील. सिल नवे, नळ्या नव्या, व्हॉल्व्हच्या बैठकी नव्या. मग जुने काय राहिले, असे तो विचारतो. त्याला आमचे उत्तर एवढेच आहे, की नऊची बेरीज अजून जुळते.

थोरल्याच्या डोळ्यांत आता मोतीबिंदू आहे आणि त्याला खाली शिरणे जमत नाही. गेल्या खेपेला ब्रेक ऑइल बदलायला धाकट्याची मुलगी आली. ती इथेच जन्मली, इथेच शिकली. घरातले बोलणे तिला समजते, बोलता अडखळत येते. ती चाकापाशी आडवी झाली, बाप आत बसला, चुलता खुर्ची टाकून बाजूला. तिने निपल ढिले केले आणि ऐकून-ऐकून पाठ झालेला शब्द मोठ्याने उच्चारला, "दाब!"

आम्ही दोघे हसलो. थोरला म्हणाला, "बापाला असं म्हणत नाहीत गं. दाबा म्हणावं."

"दाबा," ती म्हणाली. "आणि पुढचं?"

"धरा. मग सोडा."

पुढच्या चाकापर्यंत तिचे बरोबर येऊ लागले. येत्या उन्हाळ्यात टॅपेट काढायचे आहेत. बेरीज तिला आत्तापासूनच घालायला घेतली आहे.