कबूल

दिवाळीच्या सुट्टीत मुलं मामाकडे गेली होती. घर शांत होतं, म्हणून बऱ्याच दिवसांपासून बघायचा राहिलेला एक कोरियन सिनेमा लावला. संपला तेव्हा रात्रीचा दीड वाजला होता. लॅपटॉप बंद केला, पाणी प्यायलो, दिवा मालवला. झोप काही आली नाही. सिनेमात भीतीदायक असं फार नव्हतं, पण एक जुनी गोष्ट आठवत राहिली.

'मेमरीज ऑफ मर्डर', २००३ चा. दिग्दर्शक बाँग जून-हो. 'पॅरासाइट'ला ऑस्कर मिळालं तेव्हा हे नाव आपल्याकडे घरोघरी पोहोचलं, पण हा सिनेमा त्याच्या कितीतरी आधीचा. 'पॅरासाइट'मधला बाप, साँग कांग-हो, इथे तरुण आहे आणि एका खेड्यातला डिटेक्टिव्ह झालाय. १९८६ ते १९९१ या काळात दक्षिण कोरियातल्या ह्वासाँग भागात दहा बायका-मुलींचे खून झाले, त्या खऱ्या घटनांवर सिनेमा बेतलेला आहे. सिनेमा आला तेव्हा खुनी सापडलेला नव्हता. त्यामुळे शेवटी उत्तर मिळणार नाही हे तिथल्या प्रेक्षकाला तिकीट काढतानाच ठाऊक होतं. तरीही लोकांनी तो गर्दी करून पाहिला.

सुरुवातीलाच पिवळंधमक भाताचं शेत, आणि शेताच्या कडेच्या झाकलेल्या नालीत प्रेत. डिटेक्टिव्ह पार्क वाकून बघतोय आणि एक लहान पोरगा त्याची नक्कल करतोय. दुसऱ्या प्रेताजवळ तर जत्राच भरलेली. मातीत बुटाचा एक ठसा उमटलाय, पार्क ओरडतोय, आणि एक ट्रॅक्टर त्या ठशावरून निघून जातो. हसू येतं. पुढे तेच हसू घशात अडकतं.

पार्कचा दावा असा, की माणसाच्या चेहऱ्याकडे बघून त्याला गुन्हेगार ओळखता येतो. गावातला एक मतिमंद मुलगा त्याच्या नजरेत भरतो. त्याला तळघरात नेतात, मारतात, मग त्याच्याच बुटाने मातीत ठसे उठवून पुरावा तयार करतात. मधेच सगळे मिळून नूडल्स खातात आणि टीव्हीवरची पोलिसांची मालिका बघतात, तो मुलगासुद्धा. मारणारे आणि मार खाणारा एकाच टेबलावर! मला मारहाणीपेक्षा हा प्रसंग जास्त लागला. त्या पोलिसांना आपण दुष्ट आहोत असं वाटतच नाही. ते केस सोडवतायत, बस्स.

मग सोलहून दुसरा डिटेक्टिव्ह येतो, सेओ. शिकलेला, शांत. कागद खोटं बोलत नाहीत, असं मानणारा. पाऊस, लाल कपडे, रेडिओवर फर्माइशीचं ठरावीक गाणं, असं एकेक तो जुळवत जातो. आपल्याला वाटतं, चला, हा तरी शहाणा. पण एका शाळकरी मुलीचा खून होतो. त्याने तिला पाहिलेलं असतं, तिच्याशी बोललेला असतो, आणि तिथून तो सुटत जातो. शेवटी बोगद्याच्या तोंडाशी, भर पावसात, तो एका संशयित तरुणाला बेदम मारत असतो. तेवढ्यात अमेरिकेहून डीएनएचा अहवाल येतो. जुळत नाही. तर कागदावर विश्वास ठेवणारा हाच माणूस म्हणतो, हा कागद खोटा आहे. आणि पिस्तूल काढतो! त्याला आवरतो तो पार्क, ज्याला कागदाची कधीच पर्वा नव्हती. पार्क त्या तरुणाचा चेहरा धरून त्याच्या डोळ्यांत बघतो, बघत राहतो, आणि शेवटी म्हणतो, मला कळत नाही. मग विचारतो, जेवतोस ना रे?

इथपर्यंत आलो आणि मला माझा सातवीचा वर्ग आठवला.

२००६ साल. बीएड होऊन नोकरीला लागून दोनच वर्षं झाली होती. सहलीचे पैसे गोळा करत होतो. सोळा मुलांचे प्रत्येकी चाळीस, ६४० रुपये. एका लिफाफ्यात होते आणि मधल्या सुट्टीनंतर टेबलाच्या खणात लिफाफा नव्हता. वर्गात एक मुलगा होता, बाप भंगाराचा हातगाडा चालवायचा. सुट्टीत तो वर्गातच बसलेला होता, डबा आणला नव्हता म्हणून. मी त्याच्याकडे पाहिलं आणि त्याने मान खाली घातली. झालं. मला कळलं. चेहऱ्यावरून कळतं ना!

मी त्याला मारलं नाही. याचा मला कितीतरी वर्षं अभिमान होता, हेही सांगून टाकतो. फक्त उभा केला. रिकाम्या तासाला स्टाफरूममध्ये बोलावून तेच ते विचारलं. खरं सांग, काही करणार नाही. तीन दिवस. माझं वर्गात शिकवण्यात लक्ष नव्हतं, रात्री जेवताना तेच डोक्यात. पैसे महत्त्वाचे राहिलेच नव्हते, माझं बरोबर ठरायला हवं होतं. तिसऱ्या दिवशी तो म्हणाला, "मैंने लिए, सर." काय केलंस पैशांचं? "वडापाव खाया." २००६ साली ६४० रुपयांचे वडापाव! ज्याला सातवीचं गणित येतं त्याला हे पटायला नको होतं. मला पटलं. त्याच्या अब्बांनी तीन हप्त्यांत पैसे भरले. प्रत्येक वेळी मला दोन हातांनी सलाम करून गेले.

मार्चमध्ये हजेरीच्या कॅटलॉगचं ब्राऊन पेपरचं कव्हर फाटलं म्हणून बदलायला घेतलं, तर आत लिफाफा. मीच सरकवून ठेवला होता, सुरक्षित राहावा म्हणून.

मी उर्दूही शिकवतो. गुन्ह्याच्या कबुलीला उर्दूत इकबाल-ए-जुर्म म्हणतात. इकबाल, कबूल, मराठीतली कबुली, सगळे एकाच अरबी धातूतून आलेले. निकाहात कबूल म्हणायचं असतं तेव्हा समोर साक्षीदार लागतात आणि दबाव नाही ना, हे बघावं लागतं. आपल्या पुरावा कायद्यातही, १८७२ पासून, पोलिसापुढे दिलेली कबुली आरोपीविरुद्ध वापरता येत नाही, नव्या कायद्यातही ते कायम ठेवलंय. ज्यांनी हे लिहिलं त्यांना माणसं कशी कबूल होतात हे माहीत असणार. स्टाफरूमला असं कलम नाही.

सिनेमानंतरची हकीकत सिनेमापेक्षा जड आहे. तपासात २१ हजारांहून अधिक लोकांची चौकशी झाली होती. २०१९ मध्ये जुन्या पुराव्यांवरचा डीएनए एका कैद्याशी जुळला. १९९४ मध्ये मेहुणीचा बलात्कार आणि खून केल्याबद्दल तो जन्मठेप भोगत होता. पोलिसांनी त्याला पूर्वी बोलावून सोडलंही होतं, कारण ते शोधत असलेला रक्तगट त्याचा नव्हता. त्याने दहाही खून कबूल केले, वर आणखी चार. या खुनांसाठी खटला भरायची मुदत तेव्हा संपून गेली होती.

त्या दहांतल्या आठव्या खुनासाठी मात्र एका तरुणाला आधीच शिक्षा झाली होती. लहानपणी पोलिओ झालेला, लंगडत चालणारा. त्याने कबुली दिली होती. झोपू न देता ती घेतली, असं तो सांगत राहिला. सुमारे वीस वर्षं तुरुंगात काढून २००९ मध्ये तो पॅरोलवर बाहेर आला, आणि डिसेंबर २०२० मध्ये न्यायालयाने त्याला निर्दोष ठरवून माफी मागितली.

सिनेमाच्या शेवटी पार्क पोलिसातून बाहेर पडलाय, माल विकत फिरतो. जाता जाता त्याच नालीपाशी थांबतो. एक छोटी मुलगी सांगते, मागे आणखी एक माणूस असाच इथे येऊन डोकावला होता. कसा दिसायचा? साधाच, ती म्हणते. मग साँग कांग-हो सरळ कॅमेऱ्यात बघतो. खुनी कधीतरी हा सिनेमा बघेल आणि त्या नजरेला नजर भिडेल, असा बाँगचा हेतू होता. त्या कैद्याने तुरुंगात सिनेमा पाहिला होता. विशेष काही वाटलं नाही, असं त्याने कोर्टात सांगितलं. वाटलं ते इथे, नवव्या नंबरच्या चष्म्याआड बसलेल्या एका मास्तरला.

पैसे मी त्या अब्बांना परत नेऊन दिले. माफी मागितली. ते म्हणाले, होतं सर कधी कधी, आणि चहा मागवला. मुलगा आत होता, बाहेर आला नाही. वर्गासमोर मी काहीच बोललो नाही. ते धाडस झालं नाही, आणि जूनमध्ये तो दुसऱ्या शाळेत गेला.

सुट्टीनंतर शाळा उघडली त्या आठवड्यात सहावीतल्या एका मुलीची कंपासपेटी हरवली. नवी होती, ती रडत होती. बाकीची पोरं लगेच एका मुलाकडे बघायला लागली. मीही बघितलं, खोटं कशाला सांगू. मग सगळ्यांना म्हटलं, आपापली दप्तरं आपणच तपासा, आणि फळ्यावर तारीख लिहायला वळलो.

कंपासपेटी अजून सापडलेली नाही.