काळ्या कन्सोलवरचा टीव्ही

आमच्या पिढीतल्या लिनक्सवेड्यांनी टीव्ही पाहिला तो कीबोर्डवरून. संगणक जुना, मेमरी तुटपुंजी; डेस्कटॉप सुरू केला की टीव्हीसाठी ताकदच उरायची नाही. म्हणून काळ्या कन्सोलवर बीटी८७८ चिपच्या ट्यूनर कार्डाचा ‘बीटीटीव्ही’ ड्रायव्हर चढवायचा, कार्डाचा आणि ट्यूनरचा क्रमांक द्यायचा. ट्यूनरचा क्रमांक चुकला की पडद्यावर नुसत्या मुंग्या.

आज मोबाइलला कार्यक्रमाचं नाव सांगितलं तरी पुरतं. चित्र असं लख्ख, की तेव्हाच्या ६२५ ओळींच्या ‘पाल’ पद्धतीच्या चित्राशी तुलनाच नको.

तेव्हा वाहिनी वारंवारतेने ओळखायची. व्हीएचएफ पट्ट्यात दर ७ मेगाहर्ट्झवर एक. सापडली की फाइलीत तिची नोंद. ‘एफबीटीव्ही’ हा प्रोग्रॅम डेस्कटॉपशिवाय थेट फ्रेमबफरवर, म्हणजे पडद्याच्या मेमरीत, चित्र उतरवायचा. वर-खाली बाणांनी चॅनल बदलायचं, डाव्या-उजव्या बाणांनी बारीक ट्यूनिंग करायचं, रंग भरेपर्यंत आणि आवाजातली घरघर जाईपर्यंत. आवाज कार्डातून छोट्या वायरीने साउंड कार्डाच्या लाइन-इनमध्ये जायचा, म्हणून प्रोग्रॅम बंद केला तरी बातम्या चालू ठेवता यायच्या. मग त्या थांबवायला ‘व्हीफोरएलसीटीएल’ या कार्ड हाताळणाऱ्या प्रोग्रॅमला वेगळी आज्ञा द्यावी लागे. क्रिकेटच्या दिवसांत तेच पथ्यावर पडायचं. ऑल्ट-एफ१च्या कन्सोलवर अभ्यासाचा प्रोग्रॅम, ऑल्ट-एफ२च्या कन्सोलवर सामना. चित्र नसलं तरी समालोचन कानावर. मैदान ओरडलं की एफ२, आणि रीप्लेला आम्ही हजर.

आज मोबाइलवरचा सामना मागे असतो, शेजारच्या घरातली आरोळी आधी येते.

तरी जुनं चांगलं होतं असं म्हणवत नाही. घरात दुसऱ्या कुणाला चॅनल बदलता येत नसे. आईला मालिका बघायची तर आम्हाला हाक मारावी लागे. आता ती कुणावाचून हवं ते लावते, आणि हे खरोखर मोठं सुख आहे. हळहळ वाटते ती त्या बाणांची. चित्र कुठून, कोणत्या वाटेने येतं हे आम्हाला ठाऊक होतं.

ती वाट म्हणजे ॲनालॉग केबल. ती बंद करण्याची मुदत मुंबईत ऑक्टोबर २०१२अखेर आली, पुणे-नागपूर-नाशकात मार्च २०१३अखेर. मग कार्डाला ‘कंपोझिट’ इनपुट निवडायला सांगून सेट-टॉप बॉक्सची पिवळी वायर जोडली. चित्र आलं, रंग आणि उजेड अजून आज्ञेने कमी-जास्त करता येत होते. चॅनल मात्र बॉक्सचा रिमोट बदलायला लागला.