श्रावणातली पोथी

श्रावण लागला की त्या घरात पोथी लागत असे. बाईंच्या सासूबाई दांडिया बाजारातल्या जुन्या वाड्यात दिवेलागणीनंतर श्रीधरस्वामींचा ‘हरिविजय’ नाहीतर ‘शिवलीलामृत’ घेऊन बसत. ऐकणाऱ्यांतले निम्मे पेंगत असत, आणि तरीही अध्याय पुरा झाल्यावर प्रत्येकाला काहीतरी पदरात पडल्यासारखे वाटे. पुढे सासूबाई गेल्या, वाडा सुटला, पोथी तांबड्या फडक्यात बांधून कपाटात गेली. बडोद्याच्या एका महाविद्यालयात तीस वर्षे मराठी शिकविलेल्या बाईंना ती पुन्हा बाहेर काढावी असे कधी वाटले नाही. २०२४ च्या श्रावणात मात्र, ५ ऑगस्टच्या सोमवारी, अकोट्याच्या त्यांच्या घरात दिवेलागणीचे वाचन पुन्हा सुरू झाले. पोथी तेवढी निराळी होती.

पुण्याच्या पुतणीने येताना एक पिशवी भरून पुस्तके आणली होती. सगळी इंग्रजी, सगळी अलीकडची. कुठे दोन माणसांचे भांडता भांडता जमलेले प्रेम, कुठे हसत हसत उकललेला खून. “काकू, महिनाभर जड काही वाचायचं नाही,” असे तिने बजावले होते. तसे बजावण्याची गरज नव्हती. काकांची स्मृती सुटू लागल्याला दोन वर्षे झाली होती, आणि तेव्हापासून बाईंच्या हातून गंभीर म्हणावे असे एकही पुस्तक पुरे झालेले नव्हते. पान उलटे, पण डोळे मागच्याच ओळीवर राहत. रेल्वेच्या लेखा विभागात उभी हयात काढलेले, पैशाचाही फरक राहू न देणारे काका सकाळचा चहा झाला की नाही ते तीनदा विचारीत. पूर्वी अस्खलित येणारी इंग्रजी त्यांच्या तोंडून हळूहळू गळून पडली होती. गुजराती व्यवहारापुरती उरली होती. मराठी तेवढी शाबूत होती.

शेजारच्या गुजराती बेननीही तोच सल्ला दिला होता : “कंईक हळवुं वांचो ने, बेन.” बाईंना त्या शब्दाची मौज वाटली. गुजरातीत हळवुं म्हणजे वजनाला हलके. मराठीत हळवा म्हणजे ज्याच्या डोळ्यांत लगेच पाणी येते तो. कोकणातला शेतकरी लवकर पिकणाऱ्या भाताला हळवा म्हणतो आणि उशिराच्याला गरवा. पण पोट दोन्हींनी भरते. आपल्या ‘हलक्या’ शब्दाच्या मागे मात्र किती अपमान चिकटलेले! हलके लोक, हलक्या कानाचा, हलके वाङ्मय. यांतला शेवटचा प्रयोग बाईंनी वर्गात शेकडो वेळा केला होता. बडोद्यासारख्या गावी विनोदाला तरी प्रतिष्ठा होती, कारण चिमणरावांचे जनक चिं. वि. जोशी इथे पालीचे अध्यापन करीत. विद्वानाच्या घरचे हसू पंक्तीला चालते. रहस्यकथेला तेवढाही आधार नव्हता. एका विद्यार्थिनीने बाबूराव अर्नाळकरांवर लघुप्रबंध लिहू का म्हणून विचारले, तेव्हा ‘वाङ्मयीन मूल्य’ या दोन शब्दांत बाईंनी ती वाट बंद केली होती.

आणि आता त्याच बाई इंग्रजी रहस्यकथा हातात धरून, तोंडाने मराठी करीत, काकांसमोर बसल्या होत्या. शब्दशः भाषांतर शक्यच नव्हते. कीर्तनकाराने आख्यान लावावे तसे गाळीत, आटोपते घेत, मध्येच स्वतःचे घालीत त्या पुढे जात.

पहिले पुस्तक रिचर्ड ऑस्मन यांचे होते, २०२० साली निघालेले. इंग्लंडातल्या केंट परगण्यात सुखवस्तू वृद्धांची एक वसाहत. तिथे चार म्हातारी माणसे दर गुरुवारी जमून जुन्या, न उकललेल्या खुनांचा काथ्याकूट करतात, आणि एके दिवशी खराखुरा खून दाराशी येतो. त्यातली जॉइस नावाची बाई रोजनिशी लिहिते. केक, शेजारणी, मुलीचा न आलेला फोन आणि मुडदा, सगळे एकाच दमात. ही जॉइस मराठीत आणणे बाईंना अजिबात जड गेले नाही. दांडिया बाजारात असल्या चार जॉइसा त्यांच्या ओळखीच्या होत्या.

काका संशय घेऊ लागले. रोज संध्याकाळी नवा माणूस, आणि रोज तीच खात्री : “त्यानंच केला. लिहून ठेव.” काल ज्याला फासावर चढविले तो आज त्यांच्या लेखी निर्दोष असे. बाईंच्या मनात आले की रहस्यकथा हा स्मरणावर चालणारा प्रकार आहे. तिसऱ्या प्रकरणातली किल्ली तिसाव्यात आठवावी लागते, नाहीतर कुलूप उघडून उपयोग नाही. मग या माणसाला ती कशासाठी वाचून दाखवायची? पण काकांचा आनंद कुठे कमी पडत नव्हता. खुनी कोण हे त्यांना नकोच होते. कोणीतरी आहे आणि वाचणारी आपल्याला त्याच्यापर्यंत नेणार आहे, एवढे त्यांना पुरत होते. सासूबाईंच्या पोथीला तरी दुसरे काय होते? कंस मरणार हे पेंगणाऱ्यालाही ठाऊक असे.

त्याच पुस्तकात एक जागा अशी आली की बाई मोठ्याने वाचता वाचता थांबल्या. मंडळातली एलिझाबेथ, पूर्वाश्रमीची हेर, रोजनिशीत दोन आठवड्यांपुढच्या पानावर स्वतःसाठी एक क्षुल्लक प्रश्न लिहून ठेवते. तो दिवस उजाडला की उत्तर आठवते का ते पाहते. तिचा नवरा विस्मृतीत बुडत चालला आहे. आपली पाळी कधी, हे तिला जोखायचे असते. मंडळ जिने सुरू केले ती पेनी शुद्ध हरपून खाटेवर पडलेली, आणि एलिझाबेथ तिच्या उशाशी बसून तिला साऱ्या खुनाची हकीकत सांगते; ऐकू जाते की नाही हे न ठरविता. हे सगळे विनोदी कादंबरीत, विनोद न थांबविता. बाईंनी तो भाग काकांना वाचून दाखविला नाही. रात्री त्यांनी डायरी काढली आणि १० ऑगस्टला २४ च्या पानावर लिहिले : भाजीवालीने सुट्या पैशांऐवजी काय दिले? २४ तारखेला पान उघडले. दोन लिंबे. उत्तर बरोबर आले, पण पुढचा प्रश्न त्यांनी लिहिला नाही.

दुसरी कादंबरी अनुजा चौहान यांची, दिल्लीच्या एका जुन्या उच्चभ्रू क्लबात घडणारी, २०२१ ची. व्यायामशाळेत वजन उचलता उचलता शिकविणाराच मरून पडतो, आणि भवानी सिंग नावाचे मृदुभाषी, निवृत्तीला आलेले पोलीस अधिकारी सभासदांची गोड बोलून सालपटे काढतात. जाहिरातीच्या व्यवसायात घासलेली त्या लेखिकेची भाषा बाईंना विलक्षण वाटली; इंग्रजी वाक्याच्या मध्यभागी हिंदी अशी येऊन बसते, जणू तिचीच ती खुर्ची. तरी एक आक्षेप त्यांनी राखून ठेवला, आणि तो सोडावा असे त्यांना अजून वाटत नाही. या जातीच्या कित्येक पुस्तकांत मेलेला माणूस कोणाचाच नसतो. प्रेत म्हणजे दिवाणखान्यात आणून ठेवलेले एक कपाट. सगळे त्याला वळसा घालून चहा पितात. चौहानबाईंचा शिक्षक बऱ्याच जणांची गुपिते बाळगून असल्याने त्याच्यासाठी रडणारे थोडे. ऑस्मनकडे निदान शोक आहे.

प्रेमकथा एकच होती, एमिली हेन्री यांची. बाप वारल्यावर त्याचे दुसरे बिऱ्हाड कळलेली एक प्रेमकथालेखिका आणि शेजारी राहणारा एक गंभीर कादंबरीकार. दोघे पैज लावतात, तिने गंभीर लिहायचे, त्याने सुखान्त. फडके-खांडेकर वाद वर्षानुवर्षे शिकविताना ‘सुखान्त म्हणजे लेखकाचा आळस’ असे वाक्य बाईंनी मुलांना उतरवून दिले होते. सुखान्त लिहिता न येऊन कोणी प्रतिभावंत घाम पुसतो आहे, हे दृश्य त्यांच्या कल्पनेत कधी आले नव्हते. खुनाच्या बाबतीत रोज चुकणारे काका इथे पहिल्याच संध्याकाळी म्हणाले, “या दोघांचं जमणार.” मग थोड्या वेळाने, “आपलं कसं जमलं गं?”

“कांदेपोह्यांनी.”

“कसे झाले होते?”

“खारट,” बाई म्हणाल्या. काका इतके हसले की पाणी आणावे लागले.

त्या हसण्याच्याच भरात त्यांना एक जुनी आठवण झाली. झुंझार. काळा पहाड. सकाळचा चहा न आठवणाऱ्या माणसाने अर्नाळकरांची ती पात्रे खणखणीत उच्चारली; शाळेत भूगोलाच्या पुस्तकात दडवून ती चोपडी कशी वाचली, तेही सांगितले. आणि विचारले, “अगं, माझी ती ट्रंक कुठं आहे?”

ट्रंक पत्र्याची होती. लग्नानंतरही काका ती जपत. बाईंचे सहकारी घरी येत म्हणून ती माळ्यावर गेली. अर्नाळकरांनी हजारावर रहस्यकथा लिहिल्या. त्यांतल्या किती त्या ट्रंकेत होत्या हे बाईंनी कधी मोजले नाही. १९८३ साली वाडा सोडून अकोट्याला येताना, काका कचेरीत असताना, त्यांनी ती रद्दीत काढली. संध्याकाळी काका “गेली का?” एवढेच म्हणाले होते. भांडले असते तर बरे झाले असते.

“माळ्यावर आहे,” बाई म्हणाल्या. या घराला माळा नव्हता.

त्यानंतर प्रश्न रोज येऊ लागला आणि उत्तरही तेच दिले जाऊ लागले. वसीम खान यांची २०१५ ची कादंबरी तेव्हा चालू होती : मुंबईचा एक पोलीस निरीक्षक निवृत्तीच्या दिवशी वारशाने आलेल्या हत्तीच्या पिलाचा धनी होतो, आणि इमारतीच्या आवारात हत्ती बांधावा की नाही यावर रहिवाशांत रण माजते. आणि गोकुळाष्टमीला, २६ ऑगस्टला, बडोद्यात पाऊस असा कोसळला की विश्वामित्री काठ सोडून वस्तीत आली, आणि तिच्याबरोबर तिच्यातल्या मगरीही. गल्लीच्या तोंडाशी मगर दिसल्याचा ओरडा झाला. काका गंभीरपणे म्हणाले, “पण हत्ती होता ना?”

रात्री पाणी जोत्याशी लागले, तेव्हा शेजाऱ्यांनी दोघांना वरच्या मजल्यावर नेले. वीज गेली ती गेलीच. अंधार, पाण्याचा आवाज, परके घर. काका भेदरून दारापर्यंत येरझाऱ्या घालू लागले. बाईंनी येताना औषधांच्या पिशवीत उशाजवळची पुस्तके कोंबली होती. बॅटरीच्या उजेडात त्यांनी अलेक्झांडर मॅकॉल स्मिथ यांची १९९८ ची कादंबरी उघडली. एडिंबरोला वैद्यकीय कायदा शिकविलेल्या या प्राध्यापकाने बोट्स्वानातल्या प्रेशस रामोत्स्वे या धिप्पाड, शांत बाईला गुप्तहेर केले आहे. खाणीत आयुष्य झिजविलेल्या बापाने मागे ठेवलेली गुरे विकून ती आपली कचेरी थाटते. तिचे मूल पाच दिवसांत गेलेले असते, आणि हेही लेखक गुरांइतक्याच सावकाशीने सांगतो. तिथली माणसे एकमेकांना ‘म्मा’ आणि ‘र्रा’ म्हणतात. बाईंनी त्याचे ‘बाई’ आणि ‘राव’ केले. “कोल्हापूरकडची का ही?” काकांनी विचारले, आणि ते खाटेवर टेकले. तीन रात्री रामोत्स्वेबाईंनी त्यांना बसवून ठेवले.

पाणी उतरल्यावर खालचे घर उघडले. बाईंचा ग्रंथसंग्रह खालच्या फळ्यांवर होता : समीक्षा, कोश, कडक बांधणीच्या कादंबऱ्या. पाने एकमेकांना चिकटून त्यांच्या विटा झाल्या होत्या. सगळ्या गल्लीने आपापला संसार रस्त्यावर टाकला होता, त्यातच या विटा गेल्या. काका शेवटच्या खेपेनंतर फाटकाशी उभे राहिले. ढिगाकडे बघत त्यांनी विचारले, “माझी पण गेली का यात?”

होय म्हणणे किती सोपे होते! पुराने बाईंचे देणे फेडायला घेतले होते.

“नाही,” बाई म्हणाल्या. “तुमची पुरात नाही गेली. मी रद्दीत घातली. त्र्याऐंशी साली.”

काकांनी मनातल्या मनात आकडे मांडले. “म्हणजे एकेचाळीस वर्षं झाली,” ते म्हणाले. “मग आता कशाला सांगतेस?” आणि चिखलातून पाय सांभाळीत आत गेले.

पिठोरीच्या अमावास्येला, २ सप्टेंबरला, रामोत्स्वेबाईंचे शेवटचे प्रकरण उरले होते. भिंतींना अजून ओल होती. खुर्च्या उन्हातून नुकत्याच आत आल्या होत्या. काका येऊन बसले, चष्मा पुसला. बाईंनी खुणेची काडी काढली.

“अगं,” काका म्हणाले, “माझी ती ट्रंक कुठं आहे?”

बाईंनी पुस्तक मिटून मांडीवर ठेवले आणि त्यांना पुन्हा पहिल्यापासून सांगितले.